देव्हाऱ्याजवळची वाटी

सकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी नळाला पाणी येई. येण्याआधी नळ दोनदा खाकरल्यासारखा आवाज करी आणि त्या आवाजाने उत्तराला जाग येई. लग्न होऊन मुलुंडच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तिला सात महिने झाले होते, आणि एवढ्या काळात तिने हे घर डोळ्यांपेक्षा पावलांनीच अधिक पाठ केले होते. पलंगापासून दारापर्यंत चार पावले. तिथे डाव्या हाताला शिवणयंत्राचा कोपरा, त्याला वळसा. पुढे सहा पावलांवर स्वयंपाकघर. दूध वर येऊ लागले की त्याचा आवाज बदलतो, हे तिला कळू लागले होते. साखरेचा आणि मिठाचा डबा मात्र आवाजावरून ओळखता येत नाही. एकदा तिच्या सासऱ्यांनी, मार्तंडरावांनी, मीठ पडलेला चहा अवाक्षर न काढता संपवला होता आणि कप स्वतःच विसळून ठेवला होता.

उत्तराला आठ नंबरचा चष्मा होता. तो कपाटात, साड्यांच्या घड्यांखाली असे. दिवसभर तिच्या डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स असत. कडक, किंचित निळसर, करंगळीच्या नखाएवढ्या दोन चकत्या. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात तिच्या आईने तिला चष्मा काढून ठेवायला लावला होता. वडिलांना ते रुचले नाही. साखरपुड्याआधी त्यांनी होणाऱ्या जावयाला, अनंताला, बाजूला घेऊन सगळे सांगितले. "मला काही अडचण नाही," अनंत म्हणाला होता, "आईला मी सांगतो." अनंत कारखान्यात बिघडलेल्या यंत्रांना वठणीवर आणी, पण आईपुढे त्याची जीभ वळत नसे. आज सांगू, उद्या सांगू, असे करत सात महिने गेले. दरम्यान सासूबाई, जानकीबाई, सोसायटीभर सांगत राहिल्या, "डोळे बघा आमच्या सुनेचे!" त्या कौतुकाने सांगणे आणखीच अवघड होऊन बसले.

लेन्सच्या फजित्या उत्तराने निमूटपणे गिळल्या होत्या. एकदा डावी-उजवी बदलली आणि दिवसभर जिन्याच्या पायऱ्या हाताने चाचपाव्या लागल्या. एकदा ऑफिसात लेन्स निसटून टाइपरायटरच्या कळांत पडली आणि सगळा विभाग "कोणी हलू नका रे!" असे ओरडत टेबलाखाली रांगला. पण खरा छळ धुळीचा होता. कारखान्यांच्या रस्त्याने घरी येताना एखादा कण लेन्सखाली शिरे, डोळ्यांतून धारा लागत, आणि लाल डोळ्यांनी, खाली मान घालून ती जिना चढे. जिन्यात कोण उभे आहे हेही तिला दिसत नसे.

आज घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. सोसायटीतल्या झाडून साऱ्या बायका येणार होत्या, म्हणून उत्तराने रजा घेतली होती. काल रात्री लेन्सच्या डबीचे उजवीकडचे झाकण तडकले. डावी लेन्स डबीत राहिली. उजवीसाठी तिने एका लहान वाटीत उकळून गार केलेले पाणी घेतले. पण वाटी ठेवायची कुठे? न्हाणीघराच्या फळीवर झुरळे फिरत. ओट्यावर रात्रीही भांड्यांची हलवाहलव चाले. देव्हाऱ्याशेजारच्या फळीला मात्र कोणी उगाच हात लावत नसे. घरातली सर्वांत सुरक्षित जागा तीच, असे वाटून तिने वाटी तिथे ठेवली आणि निश्चिंत झोपली.

सकाळी अनंत पहिल्या पाळीला गेला, मार्तंडराव कैऱ्या आणि फुले आणायला बाहेर पडले. उत्तराने न्हाणीघराचे दार लावून, मांडीवर टॉवेल पसरून डावी लेन्स घातली. जग एका बाजूने स्वच्छ झाले. मग ती देव्हाऱ्यापाशी आली.

वाटी पूजेच्या उपकरण्यांबरोबर धुऊन पालथी घातली होती.

"आई, इथे एक वाटी होती ना पाण्याची?"

"ती होय?" चण्याची डाळ रोवळीत निथळत ठेवताना जानकीबाई म्हणाल्या, "कालचं तीर्थ तसंच राहिलं होतं वाटतं. देवांच्या आंघोळीचं पाणी तुळशीला घातलं, त्यातच ओतलं तेही. का गं?"

"काही नाही, सहज," उत्तरा म्हणाली आणि गॅलरीत गेली.

तुळशीच्या कुंडीशी ती वाळकी पाने खुडण्याच्या मिषाने बसली. माती काळी, ओली होती. तिने बोटांनी वरचा थर हळूहळू चाळायला सुरुवात केली. तेवढ्यात गालावर आलेली बट तिने मातीच्या हाताने मागे सारली आणि एक कण नेमका डाव्या डोळ्यात गेला. झाले! डोळा मिटेना, उघडेना. पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आले.

"रडतेस?" मागे जानकीबाई उभ्या होत्या. "आज सणाच्या दिवशी तुळशीपाशी बसून रडतेस?"

"नाही हो, आई..."

"पुरे झालं ते नाही-नाही!" त्यांचा आवाज चढला आणि लगेच फुटला. "सात महिने बघतेय मी. लाल डोळ्यांनी येतेस, खाली बघून आत जातेस. तळमजल्यावरची प्रेमा परवा भाजीवाल्यासमोर चार जणींत मला म्हणाली, 'जानकीकाकू, सूनबाईंचे डोळे रोजच लाल हो! जरा सबुरीनं घ्या.' काय सांगणार होते मी? मलाच ठाऊक नाही माझं काय चुकतंय ते. तुला विचारावं तर वाटायचं, पोर आणखी दुखावेल. आता सांगून टाक. माझं काय चुकलं?"

उत्तराने या सात महिन्यांत फक्त आपल्या पकडले जाण्याचा विचार केला होता. तिच्या लाल डोळ्यांचा बोल या बाईने एकटीने सोसला होता आणि एका शब्दाने तिला जाब विचारला नव्हता.

"मी रडत नाही, आई," ती म्हणाली. "या घरात मी एकदाही रडलेले नाही." तिने हात धुतले, पापणी ताणून तळहात डोळ्याखाली धरला आणि पडलेली लेन्स सासूपुढे केली. "हे बघा. याच्यामुळे डोळे लाल होतात. मला लहानपणापासून मोठ्या नंबरचा चष्मा आहे. दुसरी त्या वाटीत होती."

जानकीबाई तळहातावर वाकल्या. "एवढीशी?" त्या पुटपुटल्या. "आणि मी त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतलं?" मग त्या सरळ झाल्या. "अनंताला माहीत होतं?"

"हो. माझ्या बाबांनी त्यांना सांगितलं होतं."

"म्हणजे मीच तेवढी परकी." त्यांनी पदर कमरेला खोचला. "लपवलंत, हे बरं नाही केलंत. त्याच्याकडे तर मी बघतेच, येऊ दे घरी. पण ते नंतर. आधी ती वस्तू शोधू. तुला आत्ता दिसतंय का काही?"

"चष्म्याशिवाय नाही."

"मग घाल की जाऊन! माझं तोंड काय बघतेस?"

उत्तराने साड्यांखालून चष्मा काढला. जाड काचांतून सासूचा चेहरा तिला प्रथमच इतक्या सकाळी नीट दिसला. डोळ्यांखाली झोप न झाल्याची काळी वर्तुळे होती. दोघींनी जुने वर्तमानपत्र पसरले आणि चहाच्या गाळणीतून कुंडीतली माती चिमटीचिमटीने चाळली. चण्याची डाळ रोवळीत वाट पाहत राहिली. अर्धा तास झाला तरी काही हाती लागेना.

"मूर्तीवरचं पाणी तुळशीच्या पानांवरूनच ओतते गं मी," जानकीबाई एकदम म्हणाल्या आणि त्यांनी एकेक डहाळी उलटून पाहायला सुरुवात केली. "हे काय? हे निळं?"

मंजिरीखालच्या एका पानाच्या पोटाला, थेंबासारखी चिकटून, लेन्स बसली होती.

"सापडली! बाई गं, सापडली!" जानकीबाईंनी ते पान खुडण्याआधी तुळशीला हात जोडले. मग दोघीही तिथेच मातीत बसून हसू लागल्या. कैऱ्यांची पिशवी घेऊन आत आलेले मार्तंडराव सुनेच्या चष्म्याकडे, पसरलेल्या मातीकडे आणि पुन्हा चष्म्याकडे पाहत राहिले.

"म्हणजे तो चहा..." ते म्हणाले.

"हो बाबा. माफ करा."

"अगं, मला वाटलं, माहेरची पद्धत असेल एखादी!"

दुपारपर्यंत डाळ वाटली गेली, पन्हे झाले, गौर झोपाळ्यात बसली. दोन्ही लेन्स स्वच्छ धुऊन, दोन वाट्यांत पाण्यात ठेवून, जानकीबाईंनी स्वतः उत्तराच्या आरशापुढे आणून ठेवल्या. पाच वाजता उत्तरा लग्नातला शालू नेसत असताना त्या दाराशी आल्या.

"आजच्या दिवस घाल हो त्या," त्या म्हणाल्या. "माझी काही ना नाही. चार बायका बघणार. सुरेख दिसतेस तू त्यांनी. बाकीचं हळूहळू सांगू लोकांना."

त्या गेल्यावर उत्तरा आरशापुढे थांबली. सासूने तिला लपायला पुन्हा जागा करून दिली होती. एवढे ऐकूनही, एवढे सोसूनही. तिने दोन्ही वाट्यांवर बशा झाकल्या आणि त्या कपाटात, चष्मा असे त्या कोपऱ्यात, जपून ठेवल्या. शालूच्या पदराने चष्म्याच्या काचा पुसल्या, चष्मा घातला आणि हळदीकुंकवाची कोयरी घेऊन ती बाहेर आली.

पहिली पाहुणी प्रेमाच होती. मागे आणखी तिघीजणी.

"अगंबाई, हे काय? चष्मा?"

"शाळेत असल्यापासून आहे, प्रेमाताई," उत्तरा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "इतके दिवस डोळ्यांत लेन्स घालत होते. त्यांच्याखाली धूळ गेली की डोळे लाल व्हायचे. तुम्ही आईंना विचारलं होतंत ना?"

पन्हे ढवळणारा जानकीबाईंचा हात थांबला. प्रेमाने कपाळ पुढे केले. उत्तराने बोटावर कुंकू घेतले, नीट पाहिले आणि बरोबर मध्यभागी लावले.