दुसरी चावी

"हाई एकच शे का?" धुडकूने चावी उन्हात धरून विचारलं.

"एकच शे. सुरतना मालकनी गाडीसंगे एकच दिधी," छगन म्हणाला. "घरनी रोज मांगे लागेल शे, दुसरी करी ल्या, दुसरी करी ल्या. म्हनं, आज बाजार शे, करीच लेऊत."

शहाद्याचा बाजार उठायला आला होता. मिरचीवाल्या बाया गोणपाटं झटकत होत्या आणि त्या खकाण्याने सगळ्यांनाच शिंका येत होत्या. रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली, धुडकूचं दुकान. दुकान कसलं, एक लाकडी पेटी, एक चिमटा, चार कानशी आणि तारेत ओवलेल्या शे-दीडशे गंजक्या चाव्या. बापाने कापसाच्या वखारींची कुलपं केली, धुडकूने तीच दुरुस्त करत वयाची पंचेचाळीस वर्षं काढली. आता त्रेसष्ट साल सरत आलं होतं आणि तालुक्यात दहा-बारा फटफट्या आल्या होत्या. त्यांच्या चाव्याही त्याच्याकडेच यायच्या.

कळसाडीच्या छगनची फटफटी जुनी होती, पण गावातली पहिली. तिच्या एकाच चावीने हँडलचं कुलूप उघडायचं आणि इंजिनही पेटायचं. चावी नसली की गाडी म्हणजे नुसतं लोखंड.

धुडकूने चावी उलटीपालटी करून पाहिली. काम अर्ध्या तासाचं होतं. या घाटाची, चावी कापायची कोरी पट्टी त्याच्या डब्यात होती. पण सारंगखेड्याच्या यात्रेची गाडी सुटायला तेवढाच वेळ उरला होता, आणि रुखमाबाई, त्याची बायको, भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन समोरच्या ओट्यावर बसली होती. वर्षातून एकदा तो चार दिवस दुकान बंद ठेवायचा. घोडं घ्यायची त्याची ऐपत नव्हती; पण दत्ताच्या यात्रेत आलेले घोडे पाहत, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत हिंडायचा त्याला नाद होता.

"ह्या घाटनी पट्टी आज नही मन्हापाशी," तो म्हणाला. "पुढला बाजारले या, हातोहात करी देसू."

छगनने क्षणभर त्याच्या पेटीतल्या डब्याकडे पाहिलं. "बरं. पुढला बाजारले," म्हणून त्याने चावी खिशात टाकली, किक मारली आणि तो निघून गेला.

यात्रा छान झाली. रुखमाबाईने बांगड्या भरल्या. धुडकूने एका पांढऱ्या घोडीचे दात पाहिले, मालकाशी उगाच भाव केला आणि दोघं हसत हसत परत आली.

पुढच्या बाजाराला छगन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या बाजाराला आला, तो एस.टी.तून उतरून, पायी. दाढी वाढलेली, अंगात मळका सदरा. धुडकूच्या ते ध्यानातच आलं नाही.

"काय छगनभाऊ! दोन बाजार वाट देखाडी तुम्ही! आना चावी."

"हारपनी."

"घ्या! मी म्हनतच व्हतू..."

"घरनी गयी, धुडकूदादा."

धुडकूच्या हातातली कानस तशीच राहिली. छगन पेटीजवळ उकिडवा बसला आणि दुसऱ्याच कुणाची हकीकत सांगावी तसा सपाट आवाजात सांगू लागला.

बाजारानंतरचा तिसरा दिवस. वेचणीचा कापूस घरात आणून टाकला होता, पार आढ्यापर्यंत. छगन त्या ढिगावर चढून कापूस तुडवत होता, तेव्हा चावी खिशातून पडली. संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं. तो चिडला, बायकोवर, रंजनाबाईवरच ओरडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेतावर गेल्यावर ती एकटीच ढिगात शिरली आणि कोपरापर्यंत हात घालून चावी शोधू लागली.

"पान लागनं," छगन म्हणाला.

तिकडे सापाचं नाव तोंडाने घेत नाहीत. साप चावला, तर पान लागलं म्हणतात.

"निरोप उना, मी पयत घर उनू. गाडी दारशी उभी व्हती. हँडल वळे ना. मी दगड मारा, लाथा मारात... मंग बैलगाडी जुपी. अर्धा रस्ता ती बोलत व्हती. म्हने, चावी तठेच व्हई, मन्हा हातले काहीतरी लागनं व्हतं. मंग तिनी जीभ जड पडनी. डाक्तर म्हने, अर्धा घंटा पह्यले आनतात ते..."

धुडकूने मनात दिवस मोजले. बाजारापासून चौथा दिवस. त्या सकाळी तो यात्रेतून परतायच्या आधी शेवटचं म्हणून त्या पांढऱ्या घोडीसमोर उभा होता.

"तेराव्वं व्हयनं," छगन उठत म्हणाला. "गाडी आंगनमा तशीच शे. चाव्या करी द्या. चार पाहिजेत."

"सकाय इसू," धुडकू कसाबसा म्हणाला. "घर ईसन करी देसू."

घरी त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. रुखमाबाईने दोनदा विचारल्यावर सगळं सांगितलं. ती बराच वेळ चुलीतली लाकडं मागेपुढे करत राहिली.

"गाठोडं ली मीच बठेल व्हतू समोर," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "सांगी टाका त्याले. नही ते तुमना हातनी कानस चालाव नही."

सकाळी कळसाडीत तो पोचला, तेव्हा अंगणात ऊन आलं होतं. फटफटी दारापाशी मान वाकडी करून उभी होती. टाकीवर धूळ, आणि हँडलपाशी दगडाने पडलेले पोचे. ओसरीत छगनची म्हातारी आई, दगूबाई, बसली होती. आतली खोली रिकामी. कापूस विकला गेला होता. जाण्याआधी चार माणसांनी तो मूठ मूठ करून उलगडला होता, पण चावी सापडली नव्हती.

धुडकूने डबा उघडला. पट्टी दिव्याच्या काजळीवर धरली, काळी केली, कुलपात घातली, हलकेच फिरवली, बाहेर काढली. जिथे काजळी पुसली गेली होती, तिथे कानस चालवली. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. जन्मभर केलेलं काम. पण आज पट्टी चिमट्यातून दोनदा निसटली. छगन शेजारी मांडी घालून बसला होता.

"एक मन्हापाशी," तो आपणहून बोलू लागला. "एक शाळाना मास्तरकडे, त्यास्ले गाडी चालाडता येस. एक शेजारना गिरधरकडे. त्याले मी शिकाडसू. अन् एक आठे, दारना खुटीले. मी घर ऱ्हास का नही ऱ्हास... कोना बी जीव अडकना ते गाडी ली जावो. इचारानं काम नही."

पहिली चावी कुलपात फिरली. हँडल सुटलं आणि आपोआप सरळ झालं. दोघांनीही ते पाहिलं.

धुडकूने कानस खाली ठेवली.

"छगनभाऊ, त्या दिन पट्टी व्हती मन्हापाशी. मी खोटं बोलनू. यात्राले जावानी घाई व्हती."

छगनने जमिनीवर पडलेला पितळेचा कीस बोटाने गोळा केला.

"मी देखी व्हती," तो म्हणाला. "तुमना डबामा. वरच पडेल व्हती."

"मंग बोलनात काबर नही?"

"मले बी घर जावानी घाई व्हती." छगनने कीस फुंकून टाकला. "म्हनं, आठ दिनमा काय व्हई जास?"

धुडकूला वाटलं होतं, तो शिव्या देईल, अंगावर धावून येईल. यांपैकी काही झालं असतं, तर बरं झालं असतं. छगनने दुसरी पट्टी उचलून त्याच्यापुढे धरली. धुडकूने ती घेतली.

दुपार कलेपर्यंत चारही चाव्या झाल्या. कडा त्याने इतक्या गुळगुळीत घासल्या की कुणाच्या बोटाला लागू नयेत. दगूबाईने चहा पाठवला.

"सोडी देस तुमले शहादालोंग," छगन म्हणाला.

"नको. पायी जास मी."

छगनने आग्रह केला नाही. धुडकू पेटी खांद्यावर घेऊन निघाला. गाव संपून उसाचा मळा लागला, तेव्हा मागून फटफटीचा आवाज आला. तो रस्त्याच्या कडेला सरला. पण आवाज जवळ येईना. जागच्या जागीच इंजिन थोडा वेळ धडधडलं आणि बंद झालं.

धुडकू उभा राहिला. पुन्हा किक बसली, पुन्हा इंजिन पेटलं, पुन्हा थांबलं. मग तिसऱ्यांदा.

छगन एकेक चावी लावून पाहत होता.

धुडकूने पेटी खाली ठेवली. वाऱ्याकडे कान देऊन तो वाट पाहत राहिला. मळ्यातून पाखरांचा थवा उठला आणि कालव्यापलीकडे जाऊन बसला. बऱ्याच वेळाने, चौथ्यांदा, इंजिन सुरू झालं.

या वेळी छगनने ते लवकर बंद केलं नाही.