टॉवरबाबा आणि उभा ऊस

हौसरावांच्या वस्तीवर त्या सकाळी लग्नाला जमावी तशी माणसं जमली होती. अंगणात मांडव, मांडवात चौरंग, चौरंगावर तांब्याचा मोठा कलश आणि कलशात घरातले झाडून सगळे मोबाइल. चार दिवस ते तिथंच पॉवर बँकांना जोडून कोंडलेले. वर तांब्याचं घट्ट झाकण, झाकणावर नारळ, भोवती लाल दोरा. मधे कुणी हात लावायचा नाही, अशी महाराजांची सक्त ताकीद होती. हौसरावांची पोरं चार दिवस त्या कलशाभोवती नुसत्या घिरट्या घालत होती म्हणे.

महाराजांचं नाव संदेशनाथ. पण पाटसपासून दौंडपर्यंत सगळे त्यांना टॉवरबाबा म्हणायचे आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. आमच्या वस्त्या नदीकडेच्या खोलगट रानात आहेत. फोन करायचा तर एक तर डांबरीपर्यंत चालत जायचं, नाहीतर गोठ्याच्या पत्र्यावर चढायचं. अशा ठिकाणी रेंज आणून देणारा माणूस उगवला, तर त्याला पाट मिळणारच.

मी अनुपमा, इथल्या उपकेंद्राची नर्स. राहते दौंडला, पण दिवस जातो या वस्त्यांवर. मांडवात मी सर्वांत मागे उभी होते आणि प्रवचन ऐकून मला हसू आवरत नव्हतं. महाराज सांगत होते, की वस्तीच्या आकाशतत्त्वाला गाठ बसली आहे. टॉवर लहरी सोडतो, पण गाठ त्या गिळून टाकते.

"फोर-जी म्हणजे चार गुण," ते म्हणाले. "सत्त्व, रज, तम तुम्हाला ठाऊक आहेत. चौथा गुप्त आहे."

एका पोरानं फाइव्ह-जीचं विचारलं, तर तेवढा तुमचा अधिकार अजून झालेला नाही, असं उत्तर मिळालं.

मग शंख वाजला. दोरा सुटला, झाकण निघालं आणि महाराजांनी एकेक फोन बाहेर काढला. काढला की तो टुणटुण वाजायला लागे, चार दिवसांचे मेसेज धडाधड येऊन पडत. बायकांनी हात जोडले. माझं हसू मात्र मावळलं, कारण दोनच महिन्यांपूर्वी याच अंगणात मी फोन डोक्यावर धरून फिरले होते आणि एक काडी आली नव्हती. आता हौसरावांच्या फोनवर सगळ्या काड्या भरलेल्या. रेंज आल्याचा पहिला पुरावा म्हणून महाराजांनी झोळीतून क्यूआर कोड काढला. दक्षिणा क्षणात पोहोचली, तसा पुन्हा जयजयकार झाला.

त्या गर्दीतून रखमाजींची बायको अनसाबाई पुढं आली आणि तिनं महाराजांचे पाय धरले. तिची सून स्वप्नाली नऊ महिन्यांची गरोदर होती. मुलगा शंभू सणसवाडीला कंपनीत, सुट्टीपुरता घरी यायचा. वस्ती उसाच्या पार पोटात. कळा सुरू झाल्या तर गाडी बोलवायला रस्त्यापर्यंत पळायचं कुणी, ही त्या बाईची काळजी होती आणि ती खरीच होती. मला विचाराल तर माझ्या सगळ्या पेशंटांत याच पोरीची मलाही धास्ती होती.

महाराजांनी तिला उठवलं. वस्ती कोणती, माणसं किती, ऊस कारखान्याला कधी जाणार, अशी मायेनं चौकशी केली. ऊस माघात जाईल, असं अनसाबाई म्हणाली. महाराजांनी डोळे मिटले. गाठ सुटायचा योगही माघातच आहे, म्हणाले. बाळंतपण पौषातलं आहे, असं ती रडकुंडीला येऊन सांगू लागली, तेव्हा त्यांनी उपाय दिला. फोन आत्तापासूनच कलशात ठेवायचे. गाठ आतल्या आत सैल होत राहील.

दुसऱ्या दिवशी मी स्वप्नालीला तपासायला गेले, तर घरातले दोन्ही फोन देवघरात, कलशात. तिसरा शंभूचा जुना हँडसेट, तोही सोडला नव्हता. बिघडलेलं घड्याळ तेवढं बाहेर कसं राहिलं, कोण जाणे.

"सिस्टर, आमच्या घरात आता देव बाहेर आन् मोबाइल गाभाऱ्यात," स्वप्नाली म्हणाली. ती हसत होती, पण पायांना सूज होती आणि डोळ्यांत झोप नव्हती.

मी भडकले. आधी पत्र्यावर चढून का होईना फोन लागत होता, आता तोही बंद केलात, असं मी अनसाबाईला सुनावलं. तिचं उत्तर तयार होतं. हौसरावांकडं तुम्ही डोळ्यांनी बघितलंत ना, मग आता कशाला बोलता? मी बघितलं होतं आणि तेच मला दिवसभर टोचत राहिलं.

उत्तर सापडलं ते बाळासोंच्या रानात. महाराजांची पुढची पूजा त्यांच्याकडंच होती, दोन दिवसांनी. त्यांच्या उसात कारखान्याची ऊसतोड टोळी उतरली होती आणि टोळीतल्या लेकरांना लस द्यायला मी गेले होते. अर्धं रान मोकळं झालेलं, अर्धं उभं. मुकादम उसाच्या मोळीवर बसून गावाकडं आईशी व्हिडिओवर बोलत होता. आईला तो नवी बैलजोडी दाखवत होता आणि आई त्यातल्या एका बैलाला नावं ठेवत होती.

मी सिरिंज हातात घेऊन तशीच उभी राहिले. शंभर पावलांवर बाळासोंचं घर, घरातले फोन कलशात गाठ सुटायची वाट बघत पडलेले आणि इथं बैलाची निंदा अगदी स्वच्छ ऐकू येत होती.

मी माझा फोन काढला. तुटलेल्या रानात उभी राहिले, तर तीन काड्या. उभ्या उसाच्या आडोशाला गेले, तर एकही नाही. परत आले, पुन्हा तीन. असं मी इतक्या वेळा केलं, की काही हरवलंय का, असं मुकादमानं विचारलं. सापडलंय, असं मी त्याला सांगितलं.

या दिवसांत आमच्याकडं कुणीही कुणाच्या दारात गेलं, की पाणी प्यायच्या आधी विचारतं, ऊस गेला का? कधी जाणार? महाराजही तेच विचारायचे. हा प्रश्न इतका घरचा, की त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. आणि त्यांची सगळी विद्या त्या एका प्रश्नात होती.

बाळासोंच्या पूजेला मी अनसाबाईला आणि रखमाजींना मुद्दाम घेऊन गेले. तोवर टोळी रान झाडून पुढं गेली होती. मांडव तोच, गर्दी दुप्पट. हौसरावांकडच्यासारखेच सगळ्यांचे फोन बंद करून दाराशी परातीत ठेवायचे होते. मी माझा पर्समध्ये ठेवला आणि सणसवाडीहून शंभूला ठरल्या वेळी फोन करायला सांगून ठेवलं होतं.

महाराज चौथ्या गुणापर्यंत आले आणि माझी पर्स वाजली.

शंख वाजलेला नव्हता, दोरा सुटलेला नव्हता. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी फोन उचलून अनसाबाईच्या कानाला लावला. ती बिचारी लेकाशी बोलली आणि बोलून झाल्यावर गोंधळून माझ्याकडं बघत राहिली. आपल्या नुसत्या पावलांनीच गाठ सुटली, असं महाराजांनी झटकन जाहीर केलं. गडी चपळ होता, हे मान्य केलं पाहिजे.

मग मी बाळासोंचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला. कलशातला फोन संपर्कक्षेत्राबाहेर असल्याचं फोनमधली बाई गोड आवाजात सांगू लागली. गाठ सुटली म्हणता, मग हा का लागत नाही, असं मी विचारलं. महाराज सावध व्हायच्या आत बाळासोंनीच झाकण काढून फोन बाहेर घेतला. मी पुन्हा लावला. तो त्यांच्या हातात वाजला.

"अहो, तांब्याच्या भांड्यात गच्च कोंडल्यावर लहर आत जाईल कशी?" मी म्हणाले. "तुमच्या घरी स्टीलच्या डब्यात घालून बघा, तिथंही हेच होईल."

लोक कुजबुजायला लागले. तेवढ्यात अनसाबाई उठून पुढं गेली. तिला कलशाशी देणंघेणं नव्हतं, तिला सून दिसत होती. "महाराज, सुनेचे दिवस भरल्यात," ती म्हणाली. "आज इथं आलाच हायसा, तर आमच्याकडं चला. आत्ताच्या आत्ता गाठ सोडा."

योग माघात आहे, महाराज म्हणाले.

"माघात तर आमचा ऊसच जातोय," रखमाजी सहज बोलून गेले.

अनसाबाई नवऱ्याकडं बघत राहिली, मग बाळासोंच्या मोकळ्या रानाकडं आणि मग महाराजांकडं.

"म्हंजी हौसरावांचा ऊस गेला तवा त्यांचा योग," ती सावकाश म्हणाली. "बाळासोंचा गेला, तवा ह्यांचा. तुम्ही रेंज आणत न्हाई महाराज. ऊस गेला की तुम्ही येता."

पहिले हसले ते हौसराव, ज्यांनी सर्वांत जास्त दक्षिणा दिली होती. मग सगळा मांडव हसला. त्या हशात महाराज कधी चपला घालून गेले, ते कुणाला कळलं नाही. पुरणपोळी मात्र तशीच राहिली आणि ती आम्ही खाल्ली.

पोळी खाता खाता मी त्यांना जे सांगितलं ते इथंही सांगते. ऊस दोन पुरुष उंच वाढतो आणि त्याच्या पानांत, कांड्यांत पाणी गच्च भरलेलं असतं. टॉवरवरून लांबून येणारी लहर त्या हिरव्या पाण्यातून येता येता दमते आणि खोलगट वस्तीपर्यंत पोहोचतच नाही. ऊस पडतो तशी वाट मोकळी होते. ती हळूहळू मोकळी होते आणि फोन हातात असते, तर एकेक काडी वाढताना सगळ्यांना दिसली असती. म्हणून तर फोन कोंडायचे. सगळ्यांचे डोळे कलशावर आणि चमत्कार चाललेला टोळीच्या कोयत्यांनी. दर उन्हाळ्यात फोन बरा लागतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण कंपनीनं काहीतरी सुधारणा केली असेल, असं समजून सगळे गप्प बसत.

अनसाबाईनं त्या संध्याकाळीच कलश उघडला. पण ऊस तर उभा होता आणि पौष लागला होता. शंभू सुट्टीला आला, तेव्हा आम्ही घरावर लांब बांबू उभा केला, शेंडा उसाच्या वर जाईल असा. त्याच्या जुन्या हँडसेटचं हॉटस्पॉट चालू करून, पॉवर बँक जोडून तो बांबूवर चढवायचा होता. अनसाबाईनं विचारलं, तांब्याच्या लोट्यात ठेवू का? तिची सवय जायला वेळ लागणार होता. मी लोणच्याची प्लास्टिकची बरणी मागितली. दोरीला बांधलेली बरणी रोज उतरवून पॉवर बँक भरायची, असं ठरलं. बरणी वर गेली आणि खाली स्वयंपाकघरात स्वप्नालीच्या फोनवरून व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागला. शंभू म्हणाला, कंपनीच्या बसमध्येही त्याला उंचीचाच उपयोग होतो. बोलणं तुटत असेल तर मेसेज टाकून ठेवतो, चढावर बस आली की तो आपोआप जातो.

पौषातल्या एका सकाळी मी दौंडला चहा टाकत होते, तेव्हा फोन आला. अनसाबाईचा आवाज अगदी शेजारच्या खोलीतून आल्यासारखा होता.

"सिस्टर, सुनंला कळा सुरू झाल्यात. गाडी पाठवा. मी तिला घिऊन बांधावर थांबते."

मी रुग्णवाहिका पाठवली आणि स्कूटर काढली. दुपारी स्वप्नालीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. अनसाबाई नातीला छातीशी धरून रडली आणि मीही तिच्याबरोबर रडले. त्या कलशात आता नातीच्या आंघोळीचं पाणी तापतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. चमत्कार दिसला, की हात जोडण्याआधी जरा मान वळवून बघा, त्या वेळी आजूबाजूला आणखी काय बदललं. बाबाला काय विचारायचं ते नंतर विचारा, आधी बाबा तुम्हाला काय विचारतो ते नीट ऐका.

त्या सकाळी रखमाजींच्या वस्तीभोवती काहीच बदललं नव्हतं. माघ लागायचा होता, ऊस चारी बाजूंनी दोन पुरुष उंच उभा होता. आणि फोन लागला.