चौकटीतली आजी

टिकली साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. समोर फोन धरला की तोंड उघडायची, घास गेला की मिटायची. मधेच जाहिरात लागली की चावणं थांबायचं, जाहिरात संपली की पुन्हा सुरू. तिच्या आईला यात सोयच वाटायची. ती घरी शाळांचे गणवेश शिवायची, आणि शिलाई मशीनला दोन्ही हात लागतात.

डॉक्टरीणबाईंनी महिन्याची मुदत दिली. "फोन बंद. तिला हवं ते तिनं तोंडानं मागायचं, तुम्ही ओळखून द्यायचं नाही. एक शब्द आला तरी पुरे. नाहीच आला, तर यंदा बालवाडी विसरा."

फोन कपाटात गेला. टिकलीनं रडून घर डोक्यावर घेतलं आणि दोन दिवस अन्नाला शिवली नाही. तिसऱ्या दिवशी आईनं सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

तेव्हा सासूबाईंनी भिंतीवरची मुला-सुनेच्या लग्नाची तसबीर उतरवली, फोटो काढून गादीखाली सारला आणि रिकामी चौकट तोंडापुढे धरून टिकलीसमोर खुर्चीत बसल्या.

"अहो आई, हे काय?"

"बघितल्याशिवाय गिळत नाही ना? मग मला बघू दे."

त्यांनी एका उंदराची हकिगत सुरू केली. टिकलीनं तोंड उघडलं. आईनं घाईनं घास भरवला. दुसरा भरवला. मग टिकलीनं बोट पुढे केलं आणि आजीच्या गालावरून सरकवलं.

"सरकवलंन मला," म्हणत सासूबाई उठल्या आणि चौकट सासऱ्यांकडे देऊन स्वयंपाकघरात गेल्या.

सासऱ्यांनी तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली होती. "चला, पुढे चला, मागे जागा मोकळी आहे—" एवढ्यात त्यांच्याही गालावरून बोट फिरलं.

"चांगलं बोलत होतो की मी!"

"लहान आहे हो बाबा, तिला काय कळतंय."

"कळतंय म्हणूनच सरकवलंय," आतून आवाज आला.

सासरे उठून बाजूला बसले. आता खुर्चीत नुसती चौकट उरली. टिकलीनं ती बोटानं दाबली, थोपटली, चापट मारली. काही लागेना. मग तिनं आईचा हात धरून स्वयंपाकघराकडे ढकलला.

आईला लगेच समजलं. ती अर्धी उठलीसुद्धा. दारात सासूबाई बोट हलवत होत्या, अजिबात नाही. आई पुन्हा बसली आणि स्वतःच्या हातांवरच बसली. टिकली किंचाळली, लोळली, दमली, उठून बसली.

"आजी लाव," ती म्हणाली. मग सासऱ्यांकडे बघून, "आजोबा नको."

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. आनंद झाला की अपमान, कुणी विचारलं नाही. सासूबाई येऊन बसल्या आणि उंदीर जिथं राहिला होता तिथून पुढे निघाला.

घास आजोबांनीच भरवला. आई हात दाबून तशीच बसून राहिली, तोंड भिंतीकडे करून. तिला रडू येत होतं, आणि टिकलीनं ते पाहिलं असतं तर तेच बघत जेवली असती.