भाऊजींची फुंकर

आमच्या कंपनीत माझ्या मोठ्या दिरांना मान आहे तो त्यांच्या फुंकरीमुळे. हे मी कुजकटपणे म्हणत नाही. म्हणजे म्हणते, पण ते खरंही आहे.

नदीच्या पुलाला लावायचं एक यंत्र आम्ही बनवत होतो. पाणी धोक्याच्या खुणेवर चढलं की भोंगा वाजवायचा, एवढंच त्याचं काम. आत तळहाताएवढा बोर्ड, आणि बोर्डाचं सगळं शहाणपण एका मेमरी कार्डावर. पहिल्यांदा वीज दिली की यंत्र झकास चालायचं. पण ते रोज सकाळी स्वतःला रीस्टार्ट करायचं, आणि रीस्टार्ट झालं की कार्ड सापडत नाही म्हणून बसून राहायचं. मग भाऊजींना बोलावणं जायचं. ते चष्मा कपाळावर चढवून कार्ड बाहेर काढत, डोळे मिटून फुंकर मारत आणि परत खोचत. यंत्र सुरू व्हायचं, सगळे माना डोलवायचे. दुसऱ्या कुणी फुंकलं तरी सुरू व्हायचं, पण भाऊजींच्या फुंकरीनं ते जास्त मनापासून सुरू होतं, असं साहेबांचं मत होतं. कामाच्या पद्धतीत तसं लिहिलंही गेलं: कार्ड काढा, फुंकर मारा, कार्ड घाला. फुंकर चहाच्या आधी मारावी, ओलसर नसावी.

मलाही हसू आलं असतं. पण त्या पुलाच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या सखल गल्लीत माझी आई एकटी राहते. तिचे गुडघे गेलेत. जिना चढून वर जायला तिला वेळ लागतो, आणि तो वेळ तिला हा भोंगाच देणार होता. तो मुका राहिला तर पाणी उंबरठ्याच्या आत आल्यावरच तिला कळणार. मला फार भीती वाटत होती.

एकदा भाऊजी जेवायला गेलेले असताना मी कार्ड काढलं आणि न फुंकता परत घातलं. यंत्र सुरू झालं. पुन्हा केलं, पुन्हा सुरू. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून साहेबांना बोलावून दाखवलं.

साहेबांनी कार्ड उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. "आधीच्या फुंकरीचा असर राहिला असेल," ते म्हणाले.

मी पाकीट फोडून नवं कार्ड काढलं, जुन्यावरचं सगळं त्यावर उतरवलं आणि ते घातलं. तेही तसंच चाललं.

"कारखान्यात मारली असेल कुणीतरी," साहेब म्हणाले.

मग मी मीटर घेऊन बसले. दुखणं सरळ होतं. कार्ड जागं होतं सव्वातीन-साडेतीन व्होल्टच्या बोलीवर. ओळख पटली की वेगासाठी कार्ड आणि बोर्ड दोघं पावणेदोनच्या आसपास उतरतात. रीस्टार्ट झालं की बोर्ड सगळं विसरून पुन्हा वरच्या बोलीत हाक मारतो, पण कार्डाची वीज तुटलेलीच नसते, ते खालच्याच बोलीत अडून बसतं. पाहुणा आत सोफ्यावर आणि आपण दाराबाहेर त्याची वाट पाहतोय, असला प्रकार. कार्ड उपटलं की त्याची वीज तुटते आणि तेही सगळं विसरतं. फुंकर म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

रीस्टार्टच्या वेळी कार्डाची वीज क्षणभर तोडायला आमच्या या नव्या बोर्डावर चांगला स्विच होता. पण कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये ओळ होती: कार्डाचा वीजपुरवठा कायम चालू. आधीच्या यंत्राच्या जुन्या बोर्डावर स्विचच नव्हता, तिथली ओळ जशीच्या तशी उचललेली. उचलणारे भाऊजी. म्हणजे आजारही घरचा आणि वैद्यही घरचाच.

"चालत्या गोष्टीत हात घालायचा नाही," साहेबांनी निकाल दिला. "फुंकरीनं काम होतंय ना?"

"पण पुलावर कोण फुंकणार, साहेब?"

यावर त्यांनी खरोखर विचार केला आणि लोखंडी शिडी मागवली. ज्या पेटीत पाण्याचा थेंब जाऊ नये म्हणून रबराची किनार लावली होती, तिला फुंकरीसाठी छोटं दार पाडलं. भाऊजींनी रोज सकाळी चढून फुंकायचं ठरलं. जाऊबाईंनी त्यांच्या घशासाठी मफलर विणला.

रात्री जेवताना मी म्हटलं, "भाऊजी, ती ओळ बदलू द्या ना. तुम्हीच बदलली असं सांगू."

ते ताटातली भाकरी मोडत राहिले. "आणि मग मी काय करू गं?"

मला त्यांचं वाईट वाटलं. मग आईचे गुडघे आठवले. यंत्र पुलावर जायच्या आधी मी ती ओळ खोडली, स्विचचं नाव लिहिलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

काही महिन्यांनी वरच्या अंगाला धो धो पाऊस झाला. सकाळी आईचा फोन आला. "भोंगा वाजला गं. शेजारणीनं हात दिला, मी वर आहे. खाली स्वयंपाकघरात पाणी शिरलंय." मी तिथेच खुर्चीत बसून रडले. आई पुढे म्हणाली, "तुझ्या दिरांना सांग हो, त्यांच्या फुंकरीत खरंच काहीतरी आहे."

संध्याकाळी मी त्यांना निरोप दिला. भाऊजींचा घास हातातच राहिला. जाऊबाई आत गेल्या आहेत याची खात्री करून ते हळूच म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. मला शिडीची भीती वाटते. पहिल्या दिवशी गेलो, तेवढाच. त्यानंतर मी पुलावर गेलोच नाही."

शेवटी यांच्या डोक्यात प्रकाश पडणार, असं वाटलं.

"मग यंत्र कसं चालत राहिलं, भाऊजी?"

"तेच तर," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "म्हणजे फुंकर आता इथूनच लागू पडते."

साहेबांनी त्यांना स्वतंत्र केबिन दिली आहे. खिडकी नदीच्या दिशेला आहे.