वरचा सूर

नांदेडच्या पेपरातला सुदर्शनचा गाण्यांवरचा कॉलम ऑर्केस्ट्रावाल्यांना सोन्याहून प्यारा. लग्नाची सुपारी घ्यायला जाताना ते त्याचं कात्रण लॅमिनेट करून नेत. गडी होताच तसा. घरबसल्या मोबाइलवर गाणी ऐकून लिहिणाऱ्यांना तो हिंग लावून विचारत नसे. लग्न असो की जत्रा, याची खुर्ची थेट स्पीकरच्या बॉक्सपुढं. छातीत धमक बसल्याशिवाय गाणं कळत नाही, म्हणायचा.

लग्नांत गाणाऱ्या रेणापूरच्या जगदेवीला पहिल्यांदा त्यानंच उचलून धरलं होतं. यंदा त्यानंच लिहिलं की हिचा वरचा सूर गेला, तिथं नुसता श्वास उरलाय. पेपर लातूरकडं पोचला आणि लग्नसराईत तिला कुणी विचारेना.

पुढं एकदा घरी त्याच्या पहाऱ्यात भात करपला. कुकरची शिट्टीच बिघडलीय, असं त्यानं बायकोला ठासून सांगितलं. सत्यशीलेनं कुकर पुन्हा चढवला आणि त्याला समोर उभं केलं. वाफ उसळली, तिनं कानांवर हात ठेवले. त्याला काही ऐकू आलं नाही. बॉक्सपुढं बसून बसून उंच, बारीक आवाज ऐकायची ताकद गेलीय, ती परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

सुदर्शननं जगदेवीवरचा तो लेख काढून पुन्हा वाचला. पेपरात कबुली दिली तर कॉलम जाणार. ती द्यायचीच, पण आधी जगदेवीला सांगायचं, म्हणून तो रेणापूरला गेला.

जगदेवी अंगणात सोयाबीन निवडत होती. तिनं चहा दिला, रागाचा एक शब्द काढला नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घरचे म्हणत्यात आवाज चांगला हाय," ती म्हणाली. "पर त्येंचा कान अन् तुमचा कान एक हाय का, सर? म्या वरचं गाणं सोडलं. एकदा म्हणून दावते, कुठं फाटतंय तेवढं सांगा."

ती गाऊ लागली. आवाज वर चढला आणि त्याच्यापुरता नाहीसा झाला. नुसते ओठ हलत राहिले. समोरच्या नळावरची बाई हंडा भरायचं विसरली. जगदेवीचा नवरा हनुमंत गोठ्याच्या दारात डोळे पुसत होता.

"जगदेवीबाई, माझे कान गेलेत," सुदर्शन म्हणाला. "तुमचा सूर जागेवर आहे. मलाच ऐकू येत नाही."

ती कसनुसं हसली.

"माझं मन राखायला लई मोठं खोटं बोललात, सर."

मग ती सूप ओढून पुन्हा निवडायला बसली आणि खालच्या पट्टीत गुणगुणू लागली. ते मात्र त्याला स्वच्छ ऐकू आलं.