हात म्हणजे हात

थॉर्नबी कॉलेजच्या बोटीत शाल्मली मागच्या टोकाला बसून सुकाणू धरायची आणि ओरडायची. त्याला कॉक्स म्हणतात. वजन एकोणपन्नास किलो आणि आवाज पलीकडच्या काठापर्यंत पोचणारा, एवढ्यावर तिची निवड झाली होती. पीएचडी अर्धवट, घरात दहा महिन्यांची मुलगी, मग हे कशाला, असं आईने फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "तेवढीच वीस मिनिटं तनूचा विचार डोक्यात नसतो."

ते खरं नव्हतं. तनू अजून टाटा करत नव्हती. बाळांची वाढ तपासणाऱ्या हेल्थ व्हिजिटरच्या यादीत 'हात हलवून निरोप देते' अशी ओळ होती आणि सोमवारी ती बाई घरी येणार होती. शाल्मलीने तीन आठवडे पोस्टमनला, शेजारच्या मांजरीला, कचऱ्याची बिनं उचलणाऱ्या लॉरीला टाटा करून दाखवलं. तनू तिच्याकडे बघायची, जरा काळजीने.

इथली नदी अरुंद. दोन बोटी शेजारी मावत नाहीत, म्हणून त्या एकामागे एक सुटतात आणि मागचीने पुढचीला धडक द्यायची असते. धडक टळत नाही असं दिसलं की पुढचा कॉक्स हात वर करतो. म्हणजे हरलो, मोडतोड नको. १८९४ साली सेंट विनिफ्रेड्स कॉलेजच्या कॉक्सने असा हात वर केला आणि मागाहून सांगितलं, की वाऱ्याने उडणारी टोपी धरत होतो. थॉर्नबीने ऐकलं नाही. 'हात म्हणजे हात, कारण विचारू नये' असं नियमांत घालून घेतलं आणि जिंकले. तेव्हापासून विनिफ्रेड्स दर वर्षी पत्र पाठवून माफी मागायला सांगतं, आणि थॉर्नबी दर वर्षी टोपीचं माप विचारतं.

या शनिवारी विनिफ्रेड्सची बोट मागे होती, चांगली दोन बोटींच्या अंतरावर. शेवटच्या वळणावर काठाला तिचा नवरा देव तनूला छातीशी बांधून उभा होता. पाण्यापासून पाच पावलं लांब राहा, असं शाल्मलीने त्याला बजावलं होतं. शाल्मली बोटीतून नजरेने ती पावलं मोजत असताना तनूने हात वर केला. बोटं मिटली, उघडली. परत मिटली, उघडली.

शाल्मलीचा हात आपोआप वर गेला. "टाटा," ती मायक्रोफोनमध्ये म्हणाली.

आठ जणांनी वल्ही थांबवली. काठावरून सायकलने येणाऱ्या पंचांनी शिट्टी मारली.

धक्क्यावर उतरल्यावर कॅप्टन प्रणयने विचारलं, "ताई, तू टाटा कुणाला केली?" तो लंडनच्या पिनर भागात वाढलेला. मराठी घरचं, शब्दांचं लिंग अंदाजे.

"तनूला. तिने आधी केलं. देव, केलं ना तिने?"

"मी रेस बघत होतो," देव म्हणाला. "छान चाललं होतं तुमचं."

"मुलगी तुझ्या छातीवर बांधलीय."

"म्हणूनच. मला फक्त तिची टाळू दिसते."

प्रणय हळूच म्हणाला, "लिसन, म्हण की हात वर गेलाच नाही. केस बाजूला केला. एकशे तीस वर्षं ते आपल्याला हरवला नाहीये."

तेवढ्यात पंच वही घेऊन आले. शाल्मलीने प्रणयकडे पाहिलं नाही. "माझ्या मुलीने हात हलवलेला तुम्हाला दिसला?"

"दिसला. उजवा. दोनदा."

"नक्की? माशी वगैरे हाकलत नव्हती?"

"माशी नव्हती."

"ताई," प्रणय म्हणाला.

"आणि तुमचाही दिसला," पंच म्हणाले. "तुम्ही तो नाकारत असाल तर माझी नजर चुकली असं होईल. मग दोन्ही हातांबद्दल मला खात्रीने काही लिहिता येणार नाही."

"दोन्ही लिहा," शाल्मली म्हणाली. "मुलीचा आधी."

पंचांनी लिहिलं. शाल्मलीने त्या पानाचा फोटो काढला, अक्षर नीट आलं नाही म्हणून परत काढला. प्रणय जाऊन उलट्या ठेवलेल्या बोटीवर बसला.

विनिफ्रेड्सची मंडळी जिंकल्याची खूण म्हणून डोक्यांत विलोच्या डहाळ्या खोवून बोटीतून समोरून गेली. तनूने हात हलवला. त्यांच्या कॉक्सनेही हात वर केला.

"हा मोजायचा?" प्रणयने विचारलं.

"शर्यत संपली आहे," पंच म्हणाले.

"तो नको," शाल्मली म्हणाली. "पण तिचं हे तिसऱ्यांदा झालं. तेवढं लिहाल?"