तांब्याभर पाणी

धोंडाबाईंनी गच्चीवर कुरडयांचा साचा दाबायला घेतला आणि खालून जयाची हाक आली.

"आई, दादाचा फोन! व्हिडिओ लावलाय, लवकर ये."

चिकाचे हात पदराला पुसत त्या जिना उतरल्या. कंधारला लेकीकडे येऊन उन्हाळा सरत आला होता. 'नळाला पाणी सुटलं की न्यायला येतो' असं सांगून लेकानं, अंगदनं, त्यांना लातुरात एसटीत बसवून दिलं. त्यानंतर नळाला कितीदा तरी पाणी आलं, हे शेजारची सरजाबाई फोनवर सांगायची. अंगद काही आला नाही. जावई भला माणूस, कधी चकार शब्द बोलला नाही, आणि त्याचंच ओझं जास्त व्हायचं. लेकीच्या दारात पडून राहायची लाज धोंडाबाई घासाबरोबर गिळत होत्या. खुंटीवरची पिशवी मात्र त्यांनी भरलेलीच ठेवली होती.

फोनमध्ये अंगदचा घामेजलेला चेहरा दिसला.

"आई, आपल्या घराचं अर्थिंग कुठं हाय? बाबानं खड्डा कुठं घेतला व्हता?"

ना बरी आहेस का, ना जेवलीस का. तरी धोंडाबाईंच्या मनाला पालवी फुटली, कारण तो खड्डा आता त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता.

घर बांधताना वायरमननं त्यांच्या नवऱ्याला, ग्यानोबांना, बजावलं होतं, इथं कोळसा-मीठ घालून तार पुरलीय, माती ओली ठेवा, वाळली तर घरातलं लोखंड शॉक मारायला लागेल. ग्यानोबा होते तोवर ते रोज तांब्याभर पाणी घालत. ते गेल्यावर धोंडाबाई घालू लागल्या. "ह्यांनी सांगितलंय," एवढंच म्हणायच्या. सून ज्ञानेश्वरीनं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. टँकरच्या दिवसांत ती शेजारणींना सांगायची, आम्ही घागरीला महाग, आणि सासूबाई मेलेल्या नवऱ्याला पाणी पाजतात! एकदा धोंडाबाईंनी खुलासा केला, की खाली विजेचा खड्डा आहे. तेव्हा अंगदसुद्धा हसला होता. विजेला पाणी लावू नये हे शाळेतल्या पोरालाही कळतं, म्हणाला. पाण्यावरून कुरबुरी वाढत गेल्या आणि शेवटी त्यांची रवानगी कंधारला झाली.

"कामून रं?" धोंडाबाईंनी विचारलं.

"कूलर शॉक मारायलाय. फ्रीजला बी यायलंय. वायरमन म्हणतो अर्थिंग वाळलं. आन् ते घावंना, मागं सगळी फरशी टाकली ना."

"फरशी कवा टाकली?"

"टाकली. तू खड्ड्याचं सांग की."

धोंडाबाईंनी पदर सारखा केला.

"फोनवर न्हाई कळायचं. उद्याच्या यष्टीनं येते. येऊन दावते."

"एवढ्यासाठी उन्हाचं कशाला येतीस?"

"मला बी धड आठवत न्हाई. तिथं हुबारल्यावर ध्यानात यील."

साफ खोटं होतं. डोळे बांधून सोडलं असतं तरी त्या नेमक्या तिथं जाऊन उभ्या राहिल्या असत्या. पण जन्मात पहिल्यांदा हुकमाचं पान हाती आलं होतं. नडल्याशिवाय कोण विचारतंय? मग अडू दे की जरा!

"तवर बटणं बंद ठिवा," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात फोन हलला आणि नात शिवांगी पुढं आली. तिच्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती.

"आजी, हे बघ."

"पोरीला काय झालं रं?"

अंगद घुटमळला. "सकाळी कूलरला चिकटली. ज्ञानेश्वरीनं लाकडी पाटानं ढकलून सोडवली. आत्ताच दवाखान्यातनं आणली."

धोंडाबाईंनी फोन दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला. मघाच्या खोटेपणाची त्यांना किळस आली.

"मागं जा," त्या म्हणाल्या. "न्हाणीच्या भिंतीला पाठ लाव. आता सरजाबाईच्या भिंतीकडं चाल. कोपऱ्यात जा पार. तिथं उकर."

अंगद चालू लागला तसं घर दिसत गेलं. नवी चकचकीत फरशी दिसली. भिंतीला उभी करून ठेवलेली त्यांची बाज दिसली, तिच्यावर पायपुसणी वाळत होती.

वायरमननं पहारीनं फरशी उचकटली. खालून कोळशाची काळी माती निघाली.

"घावलं! बराबर सांगितलात मावशी," तो ओरडला. "पार खडखडीत झालंय. मालक, ह्याला रोज पाणी लागतंय बघा. आधी कोण घालत व्हतं?"

अंगदच्या हातातला फोन खाली वळला असावा, कारण आता नुसती फरशी दिसत होती.

"रोज कोण घालणार?" ज्ञानेश्वरीचा आवाज आला.

धोंडाबाईंनी फोन कानाशी नेला. पुढचं नाव त्यांना नीट ऐकायचं होतं.

"मग बेसिनच्या सांडपाण्याची नळी सोडू ह्याच्यात," वायरमन म्हणाला. "आपोआप ओल ऱ्हाती. माणूस कशाला लागतंय?"

"हां, हे बेस्ट झालं," अंगद म्हणाला. मग आवाज जवळ आला. "आई, झालं बघ काम. ठेवतो."

"अरे, पोरीला—"

फोन बंद झाला होता.

"काय म्हणला दादा?" जयानं हळूच विचारलं. "न्यायला यायलाय?"

"तिथं लई काम हाय त्यांला."

धोंडाबाईंनी खुंटीवरची पिशवी काढली. आई आता रागानं निघतेय की काय, म्हणून जया दारात आडवी झाली. पण धोंडाबाईंनी पिशवीत हात घालून लुगड्यांच्या तळातून आपला तांब्या तेवढा काढला आणि माठाच्या तोटीखाली धरून भरला.

"जया, जावईबापूंनी तुमचं अर्थिंग कुठं घेतलंय गं?"

"मला काय ठावं? कामून?"

"सांजच्याला आले की इचार त्यांला," धोंडाबाई म्हणाल्या आणि भरलेला तांब्या जिन्याच्या पायरीवर ठेवून, उरलेल्या कुरडया घालायला वर गेल्या.